आग्नेय कोपरा

"ती फरशी तेवढी उचलून घ्या," गुरुजी म्हणाले आणि सकाळपासून पहिल्यांदाच अरविंदभाऊजींच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्या फरशीचं सगळं श्रेय त्यांचं होतं.

ऐरोलीच्या या फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा ते स्वतः गवंड्याच्या डोक्यावर उभे राहिले होते. वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरतात आणि त्यासाठी लोक चांगली नवी फरशी फोडून ठेवतात, हे त्यांनी इतरांच्या घरी पाहिलं होतं. म्हणून हॉलच्या आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी त्यांनी सिमेंट न लावता नुसती बसवून घेतली आणि खाली चार बोटं खोल खड्डा ठेवला. पण वास्तुशांतीच लांबत गेली. आधी त्यांच्या क्षिप्राची बारावी आली, मग सुतक आलं, मग दादरची खोली विकण्यावरून दोघा भावांनी अबोला धरला. अरविंदभाऊजी सरकारी क्वार्टरमध्येच राहिले, फ्लॅट कुलपात राहिला आणि खड्डा देवाची वाट बघत राहिला.

अबोला सुटला तो या घरामुळेच. बंद घराला ओल धरते, नळ गंजतात, म्हणून धाकट्या मधुकरनं आपणहून सांगितलं होतं, "दादा, आम्ही दोन बिल्डिंगा सोडून तर राहतो. आमचा निशांत दर शनिवारी जाऊन खिडक्या उघडत जाईल." अकरावीतला मुलगा, पण तो खरंच जायचा. खिडक्या उघडायचा, नळ सोडायचा, ओट्यावरच्या गणपतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायचा. अरुणावहिनी एकदा न सांगता आल्या तर सगळं घर चंदनाच्या वासानं भरलेलं. "नंदिनी, काय संस्कार केलेस गं मुलावर!" असं त्या जिन्यात, चार शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या होत्या. मोठ्या जावेच्या तोंडून आलेलं ते वाक्य नंदिनीला पुढे बरेच दिवस पुरलं होतं.

मधुकरनं फटीत उलथनं घालून फरशी उचलली.

खड्ड्यात वास्तुपुरुषाच्या आधीच कोणी तरी बिऱ्हाड थाटलं होतं. दुधाच्या रिकाम्या पिशवीत सिगारेटचं पाकीट होतं, काड्यापेटी होती, कागदात गुंडाळलेली एक काळी गोळी होती आणि चॉकलेटच्या चांदीचे कापलेले तुकडे होते. त्या चांदीवर जळल्याचे तपकिरी ओघळ दिसत होते.

"करणी!" अरुणावहिनींनी पदर तोंडाला लावला. "कोणी तरी बांधलंय हो आपलं घर! म्हणून तर मुहूर्त लागत नव्हता."

क्षिप्रानं वाकून एक तुकडा उचलला, नाकाशी नेला आणि पुन्हा ठेवला. ती कॉलेजात गर्दविरोधी पथनाट्यात काम करायची आणि त्यावरून घरात एकदा रण माजलं होतं.

"करणी नाही, आई," ती म्हणाली. "ही काळी गोळी चरस आहे. आणि ही चांदी गर्दची पावडर ओढायची."

"तुला गं काय माहीत?" अरुणावहिनींची भीती एका झटक्यात लेकीकडे वळली. पण बाकीच्यांच्या माना तोवर स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या होत्या. तिथं निशांत कलशावर ठेवायचा नारळ घेऊन उभा होता. या घराची चावी त्याच्याचकडे असते, हे कोणाला मोठ्यानं सांगावं लागलं नाही.

गुरुजींनी आयुष्यात पुष्कळ घरं पाहिली असावीत. त्यांनी पिशवीकडे एकदाच बघितलं आणि दर्भ सारखे करत म्हणाले, "ते काढून घ्या. खड्डा गोमूत्रानं शुद्ध करा. मुहूर्त टळायला नको. यजमान, बसा पाटावर."

यजमान म्हणजे अरविंदभाऊजी. दर्भाची अंगठी घातलेली, खांद्यावर उपरणं, शेजारी बायको. पाटावरून उठायची सोय नाही आणि गुरुजी सांगतील ते म्हटल्याशिवाय सुटका नाही. त्यांनी दात आवळून मधुकरकडे पाहिलं आणि आतल्या खोलीकडे बोट केलं.

आतल्या खोलीत सामान आलेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून परत यायचा. निशांतमागोमाग मधुकर आणि नंदिनी आत गेली आणि मधुकरनं दार लोटलं.

"माझं आहे," निशांत आधीच म्हणाला. "सगळं."

मधुकरनं हात उचलला. मुलाला मारायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो हात बराच वेळ तसाच वर राहिला आणि मग त्यानं तो स्वतःच्याच मानेवरून फिरवला.

"खोटं बोलतोयस. हे त्या गावातल्या पोराचं आहे. प्रीतमचं. हो ना?"

"नाही."

"अरे, नुसतं हो म्हण! मी काय खातोय का तुला?"

नवरा उत्तर विचारत नाहीये, मागतोय, हे नंदिनीला कळत होतं. आणि तिलाही तेच उत्तर हवं होतं. लाज वाटावी इतकं हवं होतं. प्रीतम रस्त्यापलीकडच्या मूळ गावातला. या सगळ्या सेक्टरांखाली त्याच्या आजाची भातखाचरं होती. आता बाप कमळाकर तीन मजली घर बांधून भाडेकरू ठेवत होता. दहावीपासून दोघं एका बाकावर बसायचे. सोसायटीतल्या बायका नंदिनीला मधूनमधून विचारायच्या, गाववाल्यांच्या मुलांत तुमचा निशांत कसा काय? ती म्हणायची, मैत्रीत काय बघायचं. ते म्हणताना तिला स्वतःचं फार कौतुक वाटायचं. आज मात्र बघायला हवं होतं असं तिला वाटून गेलं.

"मधू!" बाहेरून अरविंदभाऊजी ओरडले. "समिधा कुठं ठेवल्यास?"

मधुकर गेला. त्याच्या जागी क्षिप्रा आत आली, दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. "बोल, काकू," ती म्हणाली. "मी कोणाला आत सोडत नाही."

नंदिनी जमिनीवर बसली. निशांतही बसला, जरा लांब.

"चांदी माझी नाहीये," तो म्हणाला. "पण बाबांना सांगू नको."

"प्रीतमची?"

त्यानं मान डोलावली.

"मग बाबा बरोबरच बोलले की."

"नाही ना, आई! तुला कळतच नाहीये." त्याचा आवाज चिरकला. "पहिली सिगरेट मी आणली. मी. आपण इथं आलो तेव्हा मला होतं कोण? एक प्रीतम. बाकी वर्गात कुणी विचारायचं नाही. मग मी म्हटलं माझ्याकडे रिकाम्या फ्लॅटची चावी आहे, तर सगळे यायला लागले. दर शनिवारी. मी उदबत्ती लावायचो, वास जायला. ते चरस आणायचे. मला मस्त वाटायचं. चरसचं नाही गं. सगळे माझ्या घरी येतात, त्याचं."

"आणि प्रीतम?"

"तो नाही म्हणायचा. कोपऱ्यात बसायचा नुसता. ते हसायचे त्याला, म्हणजे मलाच हसायचे. मग मी एकदा सगळ्यांच्या समोर म्हटलं, नाही घ्यायची तर उद्यापासून येऊ नको." निशांत नखानं फरशीवरचा सिमेंटचा डाग खरवडत होता. "मग घेतली त्यानं. तू घेतोस ना, म्हणाला. मग दे."

बाहेर गुरुजींचा आवाज चढला आणि स्वाहाकार सुरू झाले. दाराखालच्या फटीतून धूर आत यायला लागला.

"बाकीच्यांना कंटाळा आला, ते यायचे बंद झाले," निशांत म्हणाला. "मला पण सोडता आली. त्याला नाही आली. ही पावडर त्यानं कुठून आणली मला माहीत नाही. आता मी घेत नाही, आई. शप्पथ. मी नुसता बसतो त्याच्याजवळ. मी असलो की तो थोडीच घेतो."

"तू बसतोस म्हणूनच तो घेतो, असं नसेल?"

हे त्याच्या कधी डोक्यात आलं नसावं.

"त्याच्या आईला सांगावं लागेल," नंदिनी म्हणाली.

"नको! तो परत बोलणार नाही माझ्याशी. मी वचन दिलंय."

"आणि नाही सांगितलं तर?"

निशांतनं क्षिप्राकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. "गेल्या शनिवारी तो उठतच नव्हता," तो म्हणाला. "मी नळाखाली डोकं धरलं त्याचं. किती हाका मारल्या. मला वाटलं मेला."

नंदिनीला गेला शनिवार आठवला. पोरगा त्या दिवशी घरी आला होता, शर्ट सगळा भिजलेला होता, आणि तिनं विचारलं होतं, टाकी वाहिली का रे? तो हो म्हणाला होता आणि तिनं त्याला कोरडा शर्ट दिला होता.

पूजा यथासांग झाली. वास्तुपुरुष शुद्ध केलेल्या खड्ड्यात पालथा झोपला आणि या वेळी फरशी सिमेंट लावून बसवली गेली. होमाच्या धुरानं सगळ्यांचेच डोळे लाल झाले होते, त्यामुळे कोण रडलं हे विचारायची वेळ आली नाही. गुरुजी दक्षिणा घेऊन गेले आणि अरविंदभाऊजींनी उपरणं काढून दाराची कडी लावली.

पंगत बसली ती कोर्टासारखीच. निशांतला आतल्या खोलीत वाढलं होतं.

"उद्या सकाळच्या गाडीनं कऱ्हाड," अरविंदभाऊजी म्हणाले. "त्याच्या भागीरथीआत्याकडे. तिचे यजमान हेडमास्तर आहेत, सरळ करतील. इथली संगत तुटली की सगळं आपोआप सुटतं. मधू, तू जेवून डेपोत जा, रिझर्वेशन करून ये."

"हो, दादा," मधुकर म्हणाला. दादरच्या खोलीपासून या दोघांचं कशावरच एकमत झालं नव्हतं. आज झालं. सगळं ओझं दुसऱ्याच्या अंगणात टाकायचं म्हटलं की भाऊ एक होतात, असं नंदिनीला वाटलं, पण तिनं वरण वाढलं.

"आणि प्रीतमच्या घरी कोण सांगणार?" तिनं विचारलं.

"कशाला सांगायचं?" मधुकर म्हणाला. "त्यांचं ते बघतील. गाववाल्यांशी वाकडं घेऊन इथं राहायचंय का आपल्याला?"

"तो मुलगा मरेल, काका," क्षिप्रा म्हणाली.

"तू पथनाट्य कॉलेजात कर," अरविंदभाऊजी म्हणाले. "माल सापडला माझ्या घरात. उद्या ते लोक चार माणसं घेऊन आले आणि म्हणाले, तुमच्या फ्लॅटमध्ये आमचं पोर बिघडलं, तर? पोलीस आले तर? रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत माझी. विषय या चार भिंतींत राहील."

"बिघडवलं आपल्या मुलानंच," नंदिनी म्हणाली. तिला वाटलं होतं हे वाक्य तोंडातून निघणार नाही, पण निघालं. "पहिली सिगरेट निशांतनं दिली. प्रीतम नको म्हणत होता."

मधुकरचा घास हातातच राहिला. "असं तो म्हणतो. मित्राला वाचवायला."

"तुम्हाला कोणतं खरं वाटतं?"

मधुकरनं ताटातली कोशिंबीर उगाच एका बाजूला सारली.

आता अरुणावहिनी बोलतील आणि आपले सगळे संस्कार बाहेर काढतील, याची नंदिनी वाट बघत होती. त्या बोलल्या, पण पानाकडे बघत.

"माझ्या धाकट्या भावाला असंच पाठवलं होतं सांगलीला. दारू पिणारी संगत तुटावी म्हणून. महिन्याभरात तिथं नवी जमली. इथल्या मित्रांची निदान नावं माहीत होती आम्हाला, घरं माहीत होती. तिथला एकही कधी दिसला नाही. शेवटी खांद्यावर घ्यायला आले तेव्हाच काय ते बघितले."

"तो विषय आता कशाला?" अरविंदभाऊजी म्हणाले.

"नाहीच काढत. गेली कित्येक वर्षं नाहीच काढला."

त्या उठल्या. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला आणि त्या प्रसादाच्या शिऱ्यानं भरलेला डबा घेऊन आल्या. तो त्यांनी नंदिनीच्या हातात दिला.

"प्रसाद वाटायचा राहिलाय. रस्त्यापलीकडे पण देऊन ये. मी बघते इकडचं."

वीस वर्षांत जाऊबाईंनी आपली बाजू घेतल्याचं नंदिनीला आठवत नव्हतं. तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण हात डब्यात गुंतलेले होते. अरविंदभाऊजी काही तरी बोलायला लागले तेवढ्यात वहिनींनी त्यांच्या पानात न विचारता भात वाढला.

कमळाकरच्या घराच्या ओट्यावर प्रीतमची आई पुतळा सुकट निवडत बसली होती. वर गॅलऱ्यांतून भाडेकरूंचे कपडे वाळत होते. नंदिनी या ओट्यावर पहिल्यांदाच येत होती, आणि आपला मुलगा इथं रोज जेवून येतो हे तिला तेव्हाच नीट आठवलं.

"ये, बाय, बस!" पुतळा हात पुसत उठली. प्रसाद तिनं कपाळाला लावला. "पूजा चांगली झाली ना? आमचा प्रीतम सांगं, निशांतचे काकाचे घरान पूजा हाय. तुमचे पोऱ्याचं लय उपकार हायत आमचेवर."

"कसले उपकार, पुतळाताई?"

"आमचे घरान दारूनं मानसं खाल्ली, बाय. सासरा गेला, दीर गेला. जमिनीचं पैसं आलं आनि सगली गावची मानसं पिऊन बसली. मना यकच धास्ती, माझा पोऱ्या त्यात जाव नको. म्हनून मीच त्याला सांगतंय, निशांतची पाठ सोरू नको. नोकरीवाल्यांचा पोऱ्या, शिकतंय, गोर बोलतंय. शनवारी घरी येतं तवा अंगाला उदबत्तीचा वास. शेजारनीच्या पोरांचे तोंडाला दारूचा वास, माझा पोऱ्या देवाचा वास घेऊन येतं. मी सगल्यांना सांगतंय."

शिऱ्याचा डबा मध्ये होता. प्रसाद देऊन उठता आलं असतं. पुतळा समाधानानं सुकट निवडत राहिली असती, घरी मधुकर खूश झाला असता आणि उद्या निशांत गाडीत बसला असता. नंदिनीला ते सगळं अगदी सोपं दिसत होतं, आणि तिला मोह झाला नाही असं नाही.

"ती उदबत्ती वास झाकायला लावायचे, पुतळाताई," ती म्हणाली. "आधी माझ्या मुलाचं सांगते. मग तुमच्या."

तिनं सांगितलं. पुतळाचे हात सुरुवातीला सुकट निवडतच होते. पावडरीचं नाव आलं तेव्हा ते थांबले. नळाखाली डोकं धरल्याचं आलं तेव्हा तिनं सूप बाजूला सारलं आणि आत बघून हाक मारली. ती हाक ऐकून वरच्या गॅलरीतली भाडेकरीण वाकून बघायला लागली.

प्रीतम बाहेर आला. नंदिनीनं त्याला महिन्याभरात पाहिलं नव्हतं. गालफडं बसली होती आणि भर उन्हात त्यानं लांब बाह्यांचा शर्ट घातला होता.

"निशांतनं तुला पयली बिडी दिली?" पुतळानं विचारलं.

त्यानं नंदिनीकडे पाहिलं. सगळं फुटलंय हे त्याला तेवढ्यात कळलं.

"नाय. मीच आनली. त्याचा काय नाय त्यात."

"प्रीतम, त्यानं मला स्वतः सांगितलंय," नंदिनी म्हणाली.

"त्यो खोटा बोलतंय, काकी."

सकाळी एकानं सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं, दुपारी दुसरा घेत होता. दोघांनाही नीट खोटं बोलता येत नव्हतं. नंदिनीला दोघांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडू आलं.

पुतळानं मुलाला मारलं नाही. तिनं मासळीच्या हातांनी त्याचं तोंड धरलं आणि डोळ्यांत बघितलं. "कवापासून?" तिनं विचारलं. तो तोंड सोडवायला बघत होता. "मेल्या, मना वास कसा नाय आला?" ती म्हणाली आणि ओट्यावर बसून मोठ्यानं रडायला लागली.

"वाशीला डॉक्टर आहेत," नंदिनी म्हणाली. "यातून बाहेर काढतात. क्षिप्राला माहीत आहेत. रोज जावं लागतं. उद्या सकाळी नेऊ."

"मी नाय जानार," प्रीतम म्हणाला.

"बांधून नेईन!" पुतळा ओरडली.

"ने. पलून येईन."

तो खरंच पळून येईल, हे तिघांनाही दिसत होतं. प्रीतम दाराच्या चौकटीला टेकला. त्याचं नाक वाहत होतं आणि तो ते बाहीला पुसत होता. मग त्यानं जमिनीकडे बघतच विचारलं,

"निशांत येनार हाय काय?"

या वेळेपर्यंत मधुकर डेपोत पोचला असेल, असं नंदिनीच्या मनात आलं.

"त्यो येनार असंल तं मी येतो," प्रीतम म्हणाला.

कोपऱ्यात बसलेल्या या मुलानं धूर घेतला होता तो निशांतसाठी, आणि सोडेल तोही त्याच्याचसाठी, दुसऱ्या कोणासाठी नाही. हेडमास्तरांसाठी नाही, डॉक्टरांसाठी नाही, आईसाठीसुद्धा नाही. निशांतला उद्या कऱ्हाडच्या गाडीत बसवलं तर आपला मुलगा कदाचित सुटेल आणि हा नक्की जाईल, हे नंदिनीला लख्ख कळलं.

"येईल," ती म्हणाली. "रोज येईल तुझ्याबरोबर."

पुतळानं पदरानं डोळे पुसले आणि तिच्याकडे निरखून पाहिलं.

"तुमचे मालकांना इचारलाव, बाय?"

"नाही," नंदिनी म्हणाली आणि ओट्यावरून उठली. "आता जाऊन सांगते."